पायधऱ्या एलेमेस

एलेमेस या नावाचा आमच्या भाषेत अर्थ, ज्याच्याकडे कुणी लक्ष देऊ नये असा. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथ्याच्या वेळी आजीनं हे नाव ठेवलं, मरणाची नजर याच्यावरून निसटून जावी म्हणून. मरणाची नजर निसटली. माणसांची नाही निसटली. वयाच्या तेविसाव्या वर्षापासून त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत आमच्या तास्कुदुक गावात त्यांना कुणी एलेमेस म्हणालं नाही. सगळे म्हणायचे, पायधऱ्या. मीही म्हणायचो. त्यांच्या तोंडावर आगा, म्हणजे थोरला भाऊ, आणि पाठ वळली की पायधऱ्या.

आमची कुस्ती उभ्यानं होते. अंगात जाड शिवणीचा अंगरखा, कमरेला पट्टा. धरायचं ते पट्ट्याच्या वर. हात पट्ट्याखाली गेला, पायाला लागला, की तो गडी नुसता हरत नाही, माणसांतून उतरतो. बायकासुद्धा त्याच्याकडे बघून ओठ मुरडतात. ज्याची ताकद वरून पुरत नाही तोच खालून हात घालतो, असं आमचे म्हातारे सांगतात.

गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशीची. सरकारी शेतीचा मेंढपाळ दिवस होता. शेवटच्या कुस्तीला बक्षीस होतं करड्या रंगाचं शिंगरू आणि एक गालिचा. समोरासमोर आले एलेमेस आगा आणि कोझाबेक. दोघं एका वर्गातले, एका वयाचे. कोझाबेक आडदांड, हसरा, तोंडाचा गोड. आगा सडपातळ, अबोल, आणि कंबर अशी की जणू लोखंडी कांब पिळून केली आहे. मी अठरा वर्षांचा होतो, ट्रकच्या हौद्यात उभा राहून बघत होतो.

आगांनी त्याला कमरेवर घेतलं आणि फेकलं. दोन्ही खांदे जमिनीला लागले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण उन्हाळ्याचे दिवस, धूळ उठलेली, आणि पंच होता एका डोळ्यानं अधू म्हातारा, तोही पलीकडच्या बाजूला. लोक "चीत! चीत!" ओरडत होते तोवर कोझाबेक उठला, स्वतःच्या गुडघ्यावर थापा मारायला लागला.

"यानं पाय धरला माझा! पाय धरून पाडलं!"

पंच गोंधळला. मग त्यानं जुन्या रिवाजाप्रमाणे नान मागवला. आमच्यात नान हातात घेऊन खोटं बोललेला माणूस आंधळा होतो म्हणतात. पंचानं नान आधी आगांपुढे धरला. "घे, सांग, धरला नाहीस."

आगा म्हणाले, "मी त्याला आभाळ दाखवलं ते हजार लोकांनी पाहिलं. शपथ कशाला? मी काय चोर आहे?"

त्यांनी नानला हात लावला नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या आयुष्याचं वाटोळं त्या एका ताठ्यानं केलं. कोझाबेकनं मात्र नान घेतला, कपाळाला लावला आणि शपथ वाहिली. शिंगरू त्याला मिळालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: शपथ घ्यायची हिंमत झाली नाही, म्हणजे धरलाच असणार.

तिथून ते नाव चिकटलं. पुढे सरकारी शेती मोडली तेव्हा आगा घोड्यांना नाल ठोकायचं काम करू लागले. आमच्याकडे काराताऊचे डोंगर, दगडाळ वाटा, नालाशिवाय घोडा चालत नाही. काम त्यांचं सोन्यासारखं. पण नाल ठोकायचा म्हणजे घोड्याचा पाय उचलून मांडीवर धरायचा. लोकांना आयतंच सापडलं. "देवानं बरोबर धंदा दिला बघ. दिवसभर पाय धरतो आणि वर पैसेही मिळतात!" घोडा आणणारा हे त्यांच्या समोर म्हणायचा. आगा तोंडातले खिळे तसेच ओठांत धरून काम करायचे. खिळे तोंडात असले की उत्तर द्यावं लागत नाही.

मुलगी तोरगिन शाळेत गेली तर पायधऱ्याची तोरगिन झाली. तिचं लग्न ठरवायला पाहुणे आले. आमच्यात हुंडा मुलाकडचे देतात. मुलाचा मामा मांस खाता खाता म्हणाला, "मुलीकडची माणसं हुंड्यासाठी आमचे पाय तर धरणार नाहीत ना?" सगळी बैठक हसली. आगाही हसले, त्याच्या पुढ्यात उठून आणखी मांस वाढलं. पाहुणे गेले तसे आगा परसातल्या झाडाकडे गेले.

त्या झाडाचं सांगायला हवं. परसात एक जुनं चिवट झाड होतं. आगांनी त्याच्या बुंध्याला कुस्तीचा पट्टा बांधला होता. रोज सकाळी पट्टा पकडायचा, वळायचं, कंबर आत घालायची, ओढायचं. परत सुटायचं, परत वळायचं. तीनशे वेळा. थंडीत, बर्फात, ताप असला तरी. चाळीस वर्षं. कमरेच्या उंचीवर त्या झाडाची साल उरली नव्हती, लाकूड हाडासारखं गुळगुळीत झालं होतं. पट्टे फाटले की नवे बांधायचे. काम्शात वहिनी, त्यांची बायको, शेजारीच असलेल्या माझ्या घरी येऊन म्हणायच्या, "झाडाशीच निकाह लावायचा होता मेल्यानं. मला तरी इतक्या वेळा कधी मिठी मारली नाही."

मी एकदा विचारलं, "आगा, हे कशासाठी? आता कोण तुमच्याशी लढणार?"

"कोझाबेक."

"तो शिमकेंत शहरात राहतो. मांसाचा मोठा व्यापारी झालाय. तीन गाड्या आहेत त्याच्याकडे."

"येईल," आगा म्हणाले. "गावात मिरवल्याशिवाय माणसाला पैसा गोड लागत नाही."

पण हे सगळं सोसलं असतं, असं ते मला एकदा म्हणाले होते. लोकांची थट्टा सोसली असती, धंदाही सोसला असता. सोसलं नाही ते एकच. त्यांचे वडील स्वतः जुने पैलवान. मरताना त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, एलेमेसला जवळ बसवलं आणि विचारलं, "आता मी चाललो. मला तरी खरं सांग. धरला होतास का?"

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काही नाही. उठून बाहेर आलो. आत गेलो तेव्हा ते गेले होते." मग ते म्हणाले, "ती विचारणा कोझाबेकनं पेरलेली आहे. ती मी त्याच्याकडून वसूल करणार."

तो दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात आला. त्रेसष्ट वर्षं म्हणजे आमच्याकडे पैगंबरांचं वय, त्या वर्षी ज्याला परवडतं तो मोठं जेवण घालतो. कोझाबेकनं गावाबाहेरच्या माळावर तीस पांढरे तंबू उभारले, पंधरा घोडे कापले, शहरातून गाणारे आणि माईकवर बोलणारे आणले. कुस्तीला बक्षीस होतं उंट. गावात प्रत्येकाला छापील आमंत्रण. आगांनाही.

त्या दिवशी मीच माझ्या गाडीतून आगांना आणि वहिनींना घेऊन गेलो. आगांच्या मांडीवर कापडात बांधलेलं गाठोडं होतं. मला वाटलं, भेट असेल.

तंबूच्या दारातच कोझाबेक उभा होता, मखमली चापान, म्हणजे मानाचा लांब झगा, घालून. पोट असं सुटलेलं की पट्टा त्याच्या खाली गेलेला. आगांना बघून त्याचा चेहरा खरंच फुलला.

"अरे पायधऱ्या! जिवंत आहेस होय! ये, ये, मिठी मार. पण वरून हं, खालून नको!"

आजूबाजूचे खदखदून हसले. त्याच्यामागे त्याची बायको उलबोसिन वहिनी नानची परात घेऊन उभी होती, ती हसली नाही. आगांनी मिठी मारली. वरून.

"पट्टा सैल झालाय तुझा," एवढंच म्हणाले.

तरुणांच्या कुस्त्या झाल्या. मग शहरातून आणलेला सूत्रधार माईकवर ओरडला की यजमान आता गावच्या जुन्या पैलवानांचा मान करणार, त्यांना चापान पांघरणार. एकेक म्हातारा पुढे जाऊन चापान घेऊन आला. मग सूत्रधारानं हातातला कागद वाचला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, कागदावर जे लिहिलं होतं तेच त्यानं वाचलं. "आणि यजमानांचे बालमित्र, पायधऱ्या एलेमेस!"

हजार माणसं हसली. आगा उठले, गाठोडं घेऊन मैदानात गेले. कोझाबेकनं चापान उघडून त्यांच्या खांद्यावर टाकायला हात पसरले. आगांनी तो बाजूला सारला. गाठोडं सोडलं. आत त्यांचा जुना अंगरखा होता, ब्याऐंशी सालचा, कोपरांवर ठिगळं लावलेला. तो अंगात घातला, पट्टा आवळला आणि म्हणाले, "चापान नको. एक कुस्ती दे."

आधी लोकांना वाटलं गंमत आहे. कोझाबेकलाही वाटलं. "अरे, म्हातारे झालो आपण! हाडं मोडतील."

"तुझी मोडतील."

त्याचे दोन्ही मुलगे धावत आले. "बाबांचं हृदय नाजूक आहे, आगा. डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केलीय."

"मग नान घेऊन खरं सांगू दे, जिना चढावा लागणार नाही," आगा म्हणाले. "नाहीतर उतरू दे. दोन्ही नको असेल तर ज्यानं मला नाव दिलं त्याच्यात दम नाही, असं माईकवर सांगू दे आणि जेवण वाढा."

मागून कुणीतरी म्हातारा ओरडला, "काय कोझाबेक, पोट आडवं येतंय का?" माणूस कितीही श्रीमंत होवो, आपल्या गावासमोर त्याचं वय तेवीसच असतं. कोझाबेकनं मखमल उतरवून मुलाच्या अंगावर फेकली. कुणीतरी अंगरखा आणून दिला. तो त्याच्या पोटावर मिटेना.

पकड घेतली. कोझाबेकचं वजन आगांपेक्षा निदान तीस किलोनं जास्त. तो वरून कलला, सगळा भार टाकला, आगांचा चेहरा लाल झाला. पहिल्यांदा आगा वळले, कंबर आत घातली, तर कोझाबेकनं नुसता दाब देऊन त्यांना कुशीवर पाडलं. पंचानं हात अर्धा वर केला. निम्मा डाव कोझाबेकचा. लोक ओरडले. वहिनींनी माझा दंड धरला, नखं रुतवली.

पुन्हा उभे राहिले. कोझाबेकचा श्वास आता शिट्टीसारखा वाजत होता. आगा घाई करेनात. त्याला फिरवलं, डावीकडे, परत डावीकडे, नालासाठी आणलेला अडेल घोडा फिरवतात तसं. कोझाबेकनं डावा पाय टेकला आणि क्षणभर भार त्याच पायावर राहिला. तेवढं पुरलं. आगा वळले. ते वळणं मी रोज सकाळी कुंपणावरून पाहिलेलं होतं. कोझाबेकचे दोन्ही पाय हवेत गेले आणि तो एवढा मोठा माणूस पाठीवर आदळला. या वेळी धूळ नव्हती, पाणी मारलेलं होतं. दोन्ही खांदे. सगळ्यांनी पाहिले.

आगा त्याच्यावर वाकले. "आता नान घे आणि सांग, त्या दिवशी मी पाय धरला होता का."

कोझाबेक धापा टाकत वर बघत होता. "कुठल्या दिवशी?"

"शपथ वाहिलीस त्या दिवशी."

"कसली शपथ? अरे, काय बोलतोयस तू?"

मी जवळ गेलो होतो. मी त्याचा चेहरा पाहिला. तो नाटक करत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. चाळीस वर्षं तो ते नाव हाक मारायला वापरत होता, पण ते कुठून आलं ते तो विसरून गेला होता. त्याला वाटत होतं, असंच काहीतरी थट्टेनं पडलेलं नाव आहे.

आगांचा चेहरा असा झाला की मला भीती वाटली. त्यांनी त्याचा अंगरखा छातीवर धरला. "उठ."

"आगा, पुरे!" मी ओरडलो.

"उठ म्हणतो. आठवेपर्यंत पाडतो."

आणि त्यांनी त्याला उठवून खरंच पुन्हा पाडलं. कोझाबेकला प्रतिकार करायचं भान नव्हतं. तो पडला तो कण्हला. त्याचे मुलगे आगांवर धावले, मी आणि आणखी दोघं मध्ये पडलो, एकाची थोबाडीत मलाच बसली. त्या गोंधळात एक बाई सरळ मैदानात चालत आली. उलबोसिन वहिनी. तिच्या नावाचा अर्थ, मुलगा होवो. पाच मुलींनंतर बापानं वैतागून ठेवलेलं. आयुष्यभर तिचा आवाज कुणी चार घरांपलीकडे ऐकला नव्हता.

तिच्या हातात नान होता.

"मला आठवतं," ती म्हणाली.

मुलगे थांबले.

"लग्न झालं त्या हिवाळ्यात घोडा कापला होता. तू आतडी धुवत होतास आणि हसत हसत सांगितलंस मला. म्हणालास, पाय कुणी धरलाच नव्हता. मी पडलो, पण मला ते शिंगरू हवं होतं. आणि तो येडा नानला हातच लावेना." तिनं नान कपाळाला लावला. "हे मी नान घेऊन सांगते. शपथेवर."

"उलबोसिन, गप्प बस," कोझाबेक जमिनीवरूनच म्हणाला.

"चाळीस वर्षं बसले. मला वाटलं, पुरुषांचं भांडण आहे. आज तू हजार माणसांसमोर कागदावर लिहून त्याला त्या नावानं बोलावलंस. ती यादी तू मला काल वाचून दाखवलीस तेव्हाही हसलास. कशाला हसतोस, हे तुझं तुलाच ठाऊक नाही, हे मला काल कळलं असतं तर मी काल बोलले असते."

कोझाबेक बसता झाला. बायकोकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येत गेलं, मला वाटतं आतडी धुतलेलं ते थंड पाणी त्याला आठवलं असावं. त्यानं तिच्या हातातून नान घेतला.

"नव्हता धरला," तो पुटपुटला.

"माईकवर," आगा म्हणाले.

"एलेमेस..."

"माईकवर. ते नाव माईकवर घेतलंस ना?"

सूत्रधारानं माईक त्याच्या तोंडापुढे धरला. तीस तंबूंवरच्या भोंग्यांतून कोझाबेकचा दमलेला आवाज माळभर गेला. "एलेमेसनं पाय धरला नव्हता. मी हरलो होतो."

मग त्यानं हात पुढे केला, बसल्या बसल्याच. आगांनी तो घेतला नाही. थोरला मुलगा म्हणाला, "आगा, उंट तुमचा." आगा म्हणाले, "उंट तरुणांनी जिंकलाय, त्यांना द्या. माझं शिंगरू होतं. ते आता मेलं असेल." त्यांनी अंगरखा काढला, घडी घातली, आणि तंबूत बेशबर्माकच्या, उकडलेल्या मांसाच्या, पराती येत असताना सरळ गाडीकडे चालू लागले. दारात आलेल्या माणसानं घासही न खाता जाणं, हे आमच्याकडे थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट.

मी गाडी सुरू केली. मग मांसाचा वास आला. वहिनींनी शालीआड पिशवी भरून घेतली होती.

"परत कर," आगा म्हणाले.

"का म्हणून? घोड्यानं काय तुझ्याविरुद्ध शपथ घेतली होती?" वहिनींनी एक तुकडा तोंडात टाकला. "तुझं वैर तू खा. मला भूक लागलीय."

आगा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलले. हसले की काय, मला पुढून दिसलं नाही.

मला कबरस्तानाकडे गाडी घ्यायला लावली. वडिलांच्या कबरीशी बसून त्यांनी दुवा वाचला. मी अदबीनं जरा दूर थांबलो होतो, तरी ऐकू आलं, कारण ते ओरडत होते. "ऐकलंत? त्यानं सांगितलं! सगळ्यांसमोर सांगितलं! आता तुम्ही सांगा, तुम्ही मला का विचारलंत? तुम्ही?" बराच वेळ ते बापाशी भांडले. परत आले तेव्हा डोळे कोरडे होते.

मी विचारलं, "आता समाधान झालं?"

"आणखी एकदा पाडायला हवा होता," ते म्हणाले.

लोक कसे असतात. दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांना एलेमेस म्हणायला लागलं, तोंड जड करून, नवीन शब्द शिकल्यासारखं. घोडा आणणारे गप्प उभे राहायचे. आणि ज्यांनी सगळ्यात जास्त थट्टा केली होती, तेच कोझाबेकबद्दल वाईट बोलू लागले. आगांना तेही आवडलं नाही. त्याला शिव्या घालणाऱ्या एकाचा घोडा त्यांनी नाल न ठोकता परत पाठवला. म्हणाले, "तुला त्यानं काय केलंय? रांगेत मागे उभा राहा."

कोझाबेक दोन हिवाळ्यांनी गेला. झोपेतच, हृदयानं. उलबोसिन वहिनी त्याला पुरायला गावी घेऊन आली. आमच्यात मयताला जाणारा पुरुष दारापासूनच "हाय माझ्या भावा" म्हणून रडत धावतो. एलेमेस आगा आले ते चालत, तोंड मिटून. उलबोसिन वहिनी दारात बसली होती. त्यांनी तिच्यापुढे मान झुकवली, तिनं नुसती पापणी हलवली.

नमाजानंतर इमामानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "हा माणूस कसा होता?" सगळे एका आवाजात म्हणाले, "चांगला होता." इमामानं तीनदा विचारलं, तीनदा उत्तर आलं. आगांचे ओठ एकदाही हलले नाहीत. मी शेजारी होतो. थोरल्या मुलानं त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांना बोलणं भाग पडलं. "ताकद होती त्याच्यात," ते म्हणाले. खोटं नव्हतं.

मग माती द्यायची वेळ आली. आमच्याकडे पाच-सहा फावडी असतात, माणसं थोडं ओढतात आणि दुसऱ्याच्या हातात देतात. आगांनी एक फावडं घेतलं आणि कुणाला दिलं नाही. जमीन गोठलेली, ढेकळं दगडासारखी. पासष्टाव्या वर्षी ते घामानं भिजले. तरुण म्हणाले, "द्या आगा, पुरे झालं तुमचं." त्यांनी मान हलवली. उंचवटा झाला, तरी ते फावड्याच्या पाठीनं थोपटत राहिले, कडेनं, मध्ये, परत कडेनं.

परत निघताना मी म्हणालो, "एवढी माती कशाला, आगा?"

"कोल्हे उकरतात," ते म्हणाले. थोडं चालून गेल्यावर टोपीखालचा घाम पुसला. "आणि त्याला पडल्यावर लगेच उठायची सवय होती."